तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी

हौदवाल्या अप्पांनी एका बड्या अधिकाऱ्याला नुसत्या कळ्या दाखवून परत पाठवलं होतं. अधिकारी सकाळी आठलाच आले आणि नऊचा त्यांचा पुढचा कार्यक्रम ठरलेला होता. अप्पांच्या हौदांतल्या लिली साडेनऊच्या पुढे उघडत. सोबतच्या माणसाने अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, की हाताने पाकळ्या वेगळ्या करून एखादं फूल जरा लवकर उघडता येईल का. अप्पा म्हणाले, "सायबाला तुमी उठवलं, आले बिचारे. फुलाला कोण उठवणार?" मग त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कळ्यांकडे तोंड करून बसवून ठेवलं. गाड्या गेल्या आणि अर्ध्या तासात सगळे हौद फुलले. हा किस्सा अप्पा रंगवून सांगत. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाड्या दोन होत्या, शेवटी शेवटी पाच झाल्या होत्या.

आधी त्यांच्या पत्नी अक्का गेल्या, सहा महिन्यांनी अप्पा. त्यालाही आता दीड वर्ष झालं.

चौसाळ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, त्यांच्या वडिलांचं भुसारमालाचं दुकान होतं. लिंगायताचं पिढीजात दुकान, त्यामुळे अप्पा तराजूमागे बसणार हे ठरलेलंच होतं. ते बसलेही. पण एकदा नारायणगडाकडून येताना वाटेतल्या तळ्यातून त्यांनी पांढऱ्या कुमुदिनीचा एक कंद उपटून आणला आणि गुरांच्या पाण्याच्या तडकलेल्या हौदात लावला. तो जगला. पुढे कुणीतरी ओल्या कागदात गुंडाळून टपालाने निळी लिली पाठवली. मग एका हौदाचे दोन झाले आणि शेवटी दुकानामागच्या मोकळ्या जागेत बत्तीस हौद उभे राहिले. दुकानावरची भुसारमालाची पाटी मात्र कुणी काढली नाही. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची पोकळ सळी अप्पा हौदाच्या तळचा चिखल तपासायला वापरत. बाप ज्वारी विकायचा, पोरगं चिखल विकायलंय, असं लोक म्हणत. आमच्या भागात वॉटरलिली नावाची वस्तू विकत मिळते आणि तिच्या नव्या जाती कुणीतरी मुद्दाम तयार करतं, हे त्याच लोकांना अप्पांमुळे कळलं. पुण्या-हैदराबादची माणसं गाडी थांबवून कंद मागू लागली, तेव्हा चिखलाबद्दलचं बोलणं जरा कमी झालं.

लिलीची नवी जात करण्याचं त्यांचं काम बघणाऱ्याला कंटाळा येई, आणि हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी उमललेल्या फुलाच्या मधोमध गोडसर पाण्याची वाटी असते. त्यात दुसऱ्या जातीच्या, तीन दिवसांच्या फुलाचे केसर झटकायचे, वर मलमलीची पिशवी बांधायची आणि वाट बघायची. फूल आपणहून पाण्याखाली जातं. महिन्याभराने पिशवीत खसखशीएवढं बी सापडतं. ते पेरायचं, शंभरातली नव्व्याण्णव रोपं फेकून द्यायची आणि उरलेल्या एकाला तीन उन्हाळे बघायचं. तिन्ही उन्हाळे रंग आणि वागणूक तीच राहिली तर त्याला नाव मिळायचं. तोवर पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने ओरखडलेला आकडा, एवढीच त्याची ओळख. "तीन उन्हाळे जाऊ द्या. पयल्या साली समदेच बरे दिसतेत," असं अप्पा लिलीबद्दल म्हणत, नव्या जावयाबद्दल म्हणत आणि नव्या आमदाराबद्दलही म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांनी नावं दिली ती फक्त सात फुलांना. जावई आणि आमदार यांच्यापैकी किती जण टिकले, ते त्यांनी सांगितलं नाही.

एका वर्षी पाऊस झाला नाही आणि गावाला टँकर सुरू झाला. ग्रामसभेत एकाने उठून विचारलं, की माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् ह्यांची फुलं कावून पोहायलीत. दुसऱ्या दिवशी अप्पांनी सगळ्या हौदांचं पाणी गावच्या जनावरांना पाजलं. कंद काढून धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांमध्ये ओल्या वाळूत ठेवले, हळदीचं बेणं ठेवतात तसे. त्या वाळूवर रोज तांब्याभर पाणी शिंपडायचं काम अक्कांचं. ते पाणी टँकरच्या रांगेत उभं राहून मिळवलेल्या घागरीतलं. "ह्यांच्या सवती कोठीत निजल्यात, आन् त्यान्ला पाणी पाजायला मी," असं त्या येईल त्याला सांगत. अर्धे कंद कुजले. जे वाचले ते अक्कांनी वाचवले.

मी बीडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. सगळे मला सर म्हणत, अप्पा एकटे मास्तर म्हणत. रविवारी त्यांच्याकडे जायची मला सवय लागली होती, कारण जिल्ह्यात मानपत्राशिवाय बोलणारा दुसरा माणूस मला भेटला नव्हता. अशाच एका रविवारी, उन्हाळा संपत आला असताना, त्यांनी मला कोपऱ्यातल्या हौदापाशी नेलं. तिथे एक बिननावाची लिली फुलली होती. पहिल्या दिवशी लिंबाच्या सालीसारखी पिवळी, तिसऱ्या दिवशी काव फासल्यासारखी तांबूस. अकरा वर्षं ते या रंगाच्या मागे होते. म्हणाले, "दोन उन्हाळे झाले. एक ऱ्हायला. मग हिचं नाव शिवकांता."

शिवकांता हे अक्कांचं नाव. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अक्कांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. देठ पानाला जिथे मिळतो तिथे, वरच्या बाजूला, हरभऱ्याएवढी हिरवी गाठ होती. "हे हिचं लेकरू. पान तोडून नुस्तं पाण्यात टाकलं तरी चार-पाच म्हैन्यात फूल येतंय. कंद लागंना, काई लागंना. म्हणून म्हणतो मास्तर, नाव पडंपस्तोर हे कुणाला सांगू नका." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून तयार आहे.

त्या काळात एका स्थानिक दैनिकात माझं साप्ताहिक सदर होतं. सदर लिहिणाऱ्याला आठवड्यातून एकदा विषय लागतो आणि त्या आठवड्यात माझ्याकडे तो नव्हता. पानावर लेकरू वाढवणाऱ्या फुलाबद्दल लिहिलं. अप्पांचं नाव घातलं नाही, 'चौसाळ्याच्या अलीकडचे एक हौदवाले' असं म्हटलं. जिल्ह्यात हौदवाले एकच होते. लेख बरा उतरला. माझं सदर कोण वाचतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. एरवी हीच माझी तक्रार असे.

श्रावणी सोमवारी अप्पांच्या हौदांना राखण नसे. गावातली, कपिलधारला निघालेली, कुणीही माणसं येत आणि महादेवासाठी फुलं-पानं आपल्या हाताने तोडून नेत. अप्पा त्या वेळी मुद्दाम दुकानात जाऊन पाठमोरे बसत. "देवाला नेतंय त्याच्या हाताकडं बघू न्हाई," असं ते म्हणत. एका कंदासाठी पुण्याच्या व्यापाऱ्याला तीन हेलपाटे घालायला लावणारा माणूस सोमवारी बत्तीस हौद उघडे टाकून भिंतीकडे तोंड करून बसे. त्या श्रावणात एक जण आला, त्याने एकही फूल तोडलं नाही. कोपऱ्यातल्या हौदातली सहा-सात पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तो मोटारसायकलवरून निघून गेला. अक्कांनी हे पाहिलं आणि अप्पांना सांगितलं. पानावर नैवेद्य दाखवायचा असेल, असं म्हणून अप्पांनी विषय मिटवला.

तो माणूस आमच्याच संस्थेच्या बागेवर होता, हे मला नंतर समजलं. त्याच्या टेबलाच्या काचेखाली माझ्या लेखाचं कात्रण मी स्वतः पाहिलं. इतक्या आदराने माझं लेखन कुणी जपलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब. त्यांना फुलांची आवड आहे हे आम्हा सगळ्यांना त्या हिवाळ्यात एकदमच कळलं. महाविद्यालयाच्या आवारात एक गोल तळं बांधून झालं होतं. दादासाहेबांनी लिलीची नवी जात शोधून काढली असून तिला दिवंगत मातेच्या स्मरणार्थ 'आईसाहेब' असं नाव देण्यात येत आहे, असं प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं. उद्घाटनाला मानपत्र हवं होतं. अशी तीसेक मानपत्रं मी तोवर लिहिली होती. विशेषणं तयार असतात, मधे नाव घालायचं असतं. लिहिण्याआधी मी तळ्याकडे चक्कर मारली. फूल पिवळं होतं, शेजारचं तांबूस होत चाललं होतं. मी खाली वाकून एका पानावर बोट फिरवलं. गाठ लागली.

माझी नोकरी सहा वर्षं उरली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. त्या संध्याकाळी मी मानपत्र लिहिलं. एका ठिकाणी वाक्य लंगडं वाटत होतं, तिथे 'तीन उन्हाळ्यांच्या अथक तपश्चर्येनंतर' असं घातलं. वाक्य सरळ झालं.

उद्घाटनाला अप्पांनाही निमंत्रण होतं, 'परिसरातील पुष्पप्रेमी' म्हणून. अक्कांना घेऊन ते आले आणि चौथ्या रांगेत बसले. मानपत्र मीच वाचलं. तीन उन्हाळ्यांपाशी आलो तेव्हा अप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. टाळ्या झाल्या, दादासाहेबांनी हात जोडले, आणि लोक जेवणाच्या मांडवाकडे वळले. अक्काही गेल्या. अप्पा तळ्याच्या काठावर उकिडवे बसले होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पाण्यातून एक पान उचललं, गाठ बघितली आणि पान पुन्हा पाण्यावर नीट पसरून ठेवलं.

"ह्या पानाचं मी फकस्त तुमालाच सांगितलं होतं, मास्तर."

मी लेखाचं सांगितलं. सगळं खरं काय ते पेपरात लिहितो, असंही म्हणालो. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणायचा धीर मात्र झाला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. ते उठले, धोतर झटकलं.

"न्हाई. तुमी आता आमच्यावर काई लिहू नका."

हे लिहिताना मी त्यांचा शब्द दुसऱ्यांदा मोडतो आहे.

त्यानंतर मी रविवारी तिकडे गेलो नाही. तळ्याचं म्हणाल तर उन्हाळ्यापर्यंत त्यातलं पाणी हिरवं झालं. मग कुणीतरी ते स्वच्छ करायचं म्हणून सगळं उपसलं आणि कुणी पुन्हा भरलं नाही. पाटी राहिली: फुलाचं नाव, संशोधकाचं नाव, उद्घाटकाचं नाव. दिवाळीनंतर तपासणी समिती येणार असं ठरलं, तेव्हा पाटीखाली फूल नाही हे प्राचार्यांच्या ध्यानात आलं. तुमची तिकडे ओळख आहे, एखादं रोप घेऊन या, असं त्यांनी मला सांगितलं. मी गेलो. जायला नको होतं, हे मला बसमध्ये चढतानाच माहीत होतं.

अप्पा हौदात उतरून पिवळी पानं काढत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, अक्कांना चहा टाकायला सांगितलं, पाऊसपाण्याची चौकशी केली. कोपऱ्यातल्या हौदात आता साधी पांढरी कुमुदिनी होती. मी अडखळत कामाचं बोललो.

"कसलं फूल म्हणता, सर?"

पिवळं, मग तांबूस होणारं, असं मी सांगितलं.

"तसलं आमच्याकडं कवाच नव्हतं. ते कुणी केलं हे तुमीच वाचलं की त्या दिशी माईकवर. त्यान्लाच मागा." आवाजात राग नव्हता. त्यांनी पानांचा ओला भारा उचलला आणि ते पलीकडच्या हौदाकडे गेले.

चहा पिऊन मी निघालो. अक्का रस्त्यापर्यंत आल्या. बस यायला वेळ होता. अप्पा ऐकू येणार नाही इतके लांब आहेत हे बघून त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "मास्तर, त्या कोपऱ्यातल्या हौदात काय होतं वो? तिसरा उन्हाळा लागायच्या आधी ह्यांनी समदं उपटून उकिरड्यावर टाकलं. अकरा वरीस लेकरावानी जपलेलं. इचारलं तर बोलंनात. तुमाला सांगत होते ते समदं. त्याचं नाव तरी काय ठेवणार होते?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. हातांना अजून हौदाचा चिखल होता.

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. कुणाला सांगू नका म्हणून अप्पांनी सांगितलेली गोष्ट त्या दिवशी मात्र मी कुणाला सांगितली नाही.