रिकामी खुंटी आणि चंद्रकुमारचं इंग्रजी

तर काल मी कुठं थांबलो होतो? हां, चंद्रकुमार खुशीसमोर वही उघडून बसला आणि म्हणाला, "पोरी, 'आला' अन् 'आला आहे' यात फरक काय असते? मानूस तं आलाच न."

खुशी माझी नात, तुमसरच्या कॉलेजात शिकते. चंद्रकुमार आमच्या आंबागडचा जावई, म्हणून मला मामाजी म्हणतो. चोवीस वर्षं तो चिखल्याकडच्या एका खाजगी खाणीत खाली उतरला. मग छातीत धूळ बसली. डॉक्टरांनी खाली जायचं बंद केलं, तेव्हा त्याला बिल्ल्यांच्या खिडकीवर बसवलं. खाली जाणारा प्रत्येक जण आपल्या खुंटीवरचा पितळी बिल्ला सोबत नेतो, वर आला की परत देतो. खुंटी रिकामी म्हणजे माणूस खाली. चंद्रकुमारची रीत अशी, की नाव घेऊन तळहात पुढं करायचा, बिल्ला हातावर पडला की मगच डोक्याचा दिवा जमा करून घ्यायचा. लोक चिडवायचे, "शकुनबाईले तरी बिल्ल्याबिगर घरात घेतं का बाप्पा?" शकुनबाई म्हणजे त्याची बायको.

त्यात नवे साहेब आले. पाळीचा अहवाल इंग्रजीत पाहिजे म्हणाले. शनिवारी परीक्षा. पास झाला तर खिडकी, नाही तर सोमवारपासून खाली, हलक्या कामावर. काम हलकं असेल, धूळ थोडीच हलकी असते?

पंधरा दिवस आमच्या ओसरीवर शिकवणी चालली. मी चौथी पास. तांदूळ निवडता निवडता मीही शिकलो, आणि खरं सांगतो, या वयात मोठी मजा आली. खुशी सांगायची, "काकाजी, काम होऊन गेलं, पण त्याचं काहीतरी आत्ताही बाकी आहे, तिथं हॅव नाही तर हॅज. काल, परवा, आठ वाजता असं वेळेचं नाव घेतलं, की ते चालत नाही." चंद्रकुमार मान हलवायचा आणि 'हॅज केम' लिहायचा. खुशी 'कम' करून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'केम'. खोकला आला की पेन्सिल थांबायची, आणि आम्ही तिघंही वहीकडे पाहत बसायचो.

गुरुवारी त्यानं स्वतःच वही मिटली. "थांब वं. आपल्या गावचा विनोद खाली गेला, खुंटी रिकामी हाय, म्हणजे विनोद हॅज गॉन डाउन. अजून खालीच हाय. बिल्ला आला का मंग ते सरलं. मंग वेंट डाउन, आठ वाजता. बरोबर का?"

"बरोबर. आणि चारला भोंगा वाजला, पण त्याच्या आधीच सगळे वर आले होते, तर हॅड कम अप."

"मंग हे तं मी रोजच करतो न," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं भात दोनदा घेतला, असं शकुनबाई सांगत होती.

शनिवारी त्या दिवशीचा अहवाल लिहूनच दाखवायचा होता, म्हणून परीक्षा पाळी सुटताना ठेवली. तेवढ्यापुरता खिडकीवर ऑफिसातला बाबू बसला. साहेबांच्या टेबलाशी चंद्रकुमारनं लिहिलं, एटी-सेव्हन मेन वेंट डाउन अ‍ॅट एट. मग दारातून खुंट्या मोजल्या आणि लिहिलं, एटी-सिक्स हॅव कम अप. विनोदची खुंटी रिकामी होती.

बाबू म्हणाला, "अजी, दिवा जमा झाला त्याचा. गेला असन घरी."

"दिवा कोनाच्याही हातानं येते. तुमी त्याले पाह्यलं का?"

साहेब म्हणाले, "सत्त्याऐंशी लिहा आणि संपवा. दहा मिनिटं उरली आहेत."

चंद्रकुमारनं पेन खाली ठेवला. विनोदचा फोन लागेना, तेव्हा बाहेर येऊन मला लावला. "मामाजी, विनोदच्या घरी जा. कोनाच्या सांगन्यावर नोका राहू, डोळ्यानं पाहा."

चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे गुडघे, आणि विनोदचं घर गावाच्या पार टोकाला. त्याची बायको पार्वताबाई कपडे धूत होती. तिनं सदरा आपटला आणि खिशातून बिल्ला दगडावर पडला. "ते तलावावर गेले आंघोळीले," ती म्हणाली. बिल्ला उचलून मी तलावावर गेलो. विनोद मानेपर्यंत पाण्यात, गाणं म्हणत होता. मला इतका आनंद झाला, की मी त्याला काठावरूनच दोन शिव्या हासडल्या.

फोन लावून सांगितलं, "दिसला. बिल्ला माह्या हातात हाय." तिकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

तोवर चाळीस मिनिटं गेली होती आणि पेपर जमा झाला होता.

सोमवारी बिल्ला परत करायला मी चंद्रकुमारसोबत गेलो. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "इंग्रजी तुम्हाला येतं, हे मी पाहिलं. पण अहवाल अर्धा आहे, मला वर उत्तर द्यावं लागतं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर खाली जावं लागेल. काही म्हणायचं आहे?"

खिडकीवर तोच बाबू मान खाली घालून मोबाईल पाहत होता. चंद्रकुमारनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खुंट्यांकडे.

"जातो न साहेब, खाली जातो. पन मी वर आलो का नाही, हे पाहाले खिडकीवर कोन बसन, तेवढं आधी सांगा."