दहाव्या भागाचं शेवटचं पान

आमचे मामा शिंपी. ज्याचे सदरे वीस वर्षं शिवले त्याचंही माप दर वेळी नव्याने घेणार. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणणार, "माणूस तोच आहे हो, पोट तेच आहे का?" आधी कच्ची शिलाई, मग ट्रायल, मग पक्की, हा क्रम त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या कोटासाठीही मोडला नाही आणि लग्नाला उशिरा पोचले.

दुपारची जेवणं झाली की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. मामी काजं करायला बसायची आणि मामा तिला एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचे. एकाच गोष्टीचे जाडजूड भाग होते ते. हरवलेलं राज्य, सात किल्ले, बोलणारे डोंगर, आणि पात्रं इतकी की मामांनी त्यांची वंशावळ खाकी कागदावर काढून भिंतीला लावली होती. एकट्याने पान पुढे उलटायचं नाही, असा दोघांचा करार होता. दुसऱ्या भागात एक नावाडी राणीला नदीपार सोडतो आणि धुक्यात निघून जातो. मामी तेव्हाच म्हणाली, "हा परत येणार बघा." दोन पानांचा तो माणूस! मामा पुढे कित्येक वर्षं तिला चिडवत राहिले, "आला का गं तुझा नावाडी?"

नववा भाग झाला आणि लेखक सात वर्षं गप्प बसला. दहावा, शेवटचा, आला तेव्हा तो मीच नेऊन दिला. मामीने सुई बाजूला ठेवली. "चला, काढा वाचायला," म्हणाली.

"असं कसं? मागचं निम्मं विसरलोय आपण," मामा म्हणाले. "पहिल्यापासून पुन्हा वाचू. मग शेवटाला रंग चढेल."

"अहो, आधी शेवट वाचू. मागचं काय पळून जातंय?"

मामांपुढे तिचं काही चाललं नाही. दहावा भाग कपाटात अस्तरांच्या गठ्ठ्यावर गेला आणि पहिलं प्रकरण पुन्हा सुरू झालं. चौथ्या भागापर्यंत आले होते, तेव्हा मामी आजारी पडली.

दवाखान्यात ती तीन आठवडे होती. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा ती मामांना म्हणत होती, "शेवटचं पान तरी वाचून दाखवा हो."

"मधलं आठवल्याशिवाय त्यात काय कळणार तुला? घरी चल, सगळं नीट वाचू."

मामी हसली आणि भिंतीकडे वळली. मामांना सगळं नीटच करायचं होतं, म्हणून मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. पण राग आहे. मामी घरी आली नाही.

वर्षभर त्यांनी त्या पुस्तकांना हात लावला नाही. मग राहिलेले सगळे भाग वाचून काढले, एकट्याने, मनातल्या मनात. परवा मला बोलावलं. शटर अर्धं खाली होतं. मामीच्या स्टुलावर काजं राहिलेले सदरे होते.

"कसा आहे शेवट?" मी विचारलं.

"उत्तम. एक धागा लोंबत ठेवला नाही त्याने." मामा चष्मा पुसत राहिले. "फसला असता तर बरं झालं असतं गं. तिचं काही राहिलं नाही, असं म्हणता आलं असतं."

मग त्यांनी शेवटचं पान मोठ्याने वाचलं. म्हातारी राणी नदीवर येऊन उभी राहते. पलीकडून एक होडी निघते. नावाडीही म्हातारा झालेला असतो. ती म्हणते, "फार उशीर केलास." तो म्हणतो, "तुमच्या हाकेची वाट बघत होतो."

नावाड्यावरून चाललेली चेष्टा सोडली तर मला त्या गोष्टीतलं काही ठाऊक नव्हतं. मामांना ते माहीत होतं. पुस्तक न मिटता त्यांनी विचारलं, "मधलं न वाचताही कळलं तुला?"

माझे डोळे भरून आले होते. "कळलं की," मी बोलून गेले.

मामांनी मान हलवली. उठून भिंतीवरची वंशावळ उतरवायला लागले.

मी नाही म्हणायला हवं होतं.