झावळीची खूण

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख आमच्या चर्चमध्ये गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या झावळ्या जाळून करतात. म्हणून मी घरातली झावळीची पात शोधत होते. ती पप्पांच्या उशाशी, पुस्तकात खूण म्हणून घातलेली सापडली.

पप्पांना जाऊन तीन महिने झाले. शेवटच्या वर्षात ते दोनच पुस्तकं आलटूनपालटून वाचायचे. एक रहस्यकथा, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या चोरीला गेलेल्या पत्राची, पानोपानी खून पडणारी. दुसरा त्याच यहूदावरचा जाडजूड अभ्यासग्रंथ.

"पप्पा, एकात थापा आणि एकात पुरावे. शोधताय तरी काय?" मी हसून विचारायचे.

"त्याला माफी मिळाली का, ते कुणीतरी लिहिलं असेल गं."

माझ्या भावाने घरी न सांगता लग्न केलं, तेव्हा त्याला "यहूदा" म्हणून पप्पांनीच हाकललं होतं.

रहस्यकथा वाचून झाली होती. झावळी ग्रंथाच्या मध्यावर होती. ती मला काढवेना. मी रिकाम्या हातानेच चर्चला गेले.

पप्पांच्या मयताला भाऊ आला होता. फाटकाबाहेरच उभा राहिला आणि तसाच गेला. "आत ये" म्हणायला तेव्हा पप्पा नव्हते. मी होते.