घरून नकार

मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं अक्षर ठाऊक नाही. मुलीला नाही, मित्रांना नाही. मंगलाच्या आधी तुम्हाला सांगतोय, हाही भित्रेपणाच — पण माझ्या भित्रेपणात हा तसा किरकोळ म्हणायचा.

मी इथं गुजरातेत, कापडमिलच्या फोल्डिंग म्हणजे घड्या घालायच्या खात्यात मुकादम, आणि उरलेल्या वेळात कथालेखक. संसाराच्या कथा लिहितो, मंडळाच्या गणपतीत वाचतो. माझ्या नायिका फार बाणेदार हो. बॅग भरतात, दार ओढून घेतात, मागं वळून बघतसुद्धा नाहीत. मी स्वतः जेवलेलं ताट उचलत नाही. तरी उधन्यापासून भेस्तानपर्यंत आपल्या खानदेशी माणसांत मी 'बायकांची बाजू घेणारा' म्हणून ओळखला जातो. घेतो ना — कागदावर.

प्रत्येक कथा आधी मंगलाला वाचून दाखवायची, हा आमचा रिवाज. ती साड्यांचं धागा-कटिंग करत ऐकते. साडीच्या उलट बाजूला लोंबणारे धागे छाटायचे, घरबसल्या काम. कथेत काही खटकलं की तिची कातर थांबते. आणि एक सांगायला हवं — आम्हा दोघांना सरळ बोलायची सवय नाही. मनातलं बोलायचं ते कथेतल्या माणसांवर घालून. तिला माहेरी जावंसं वाटलं की म्हणायची, "तुमनी नायिका माहेरले जात नही का कधी?" मी हसायचो, आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या गाडीचं बघायचो. समजायचं मला. न समजण्याइतका भोळा मी कधीच नव्हतो. हे लक्षात ठेवा.

मुलगी लग्न होऊन गेली, त्याच वर्षीची गोष्ट. सुमन नावाच्या बाईची कथा लिहीत होतो. ती घर सोडते, एवढं ठरलं होतं. नवरा कसा, ते ठरत नव्हतं. मी म्हटलं, "दारुडा करतो. मारणारा."

कातर थांबली. "कसाले?"

"नाहीतर वाचक तिला माफ करणार नाहीत."

"नवरा चांगला शे म्हनीसन तिनी जावानंच नही का?" चांगला नवरा आहे म्हणून जायचंच नाही का, असं तिचं म्हणणं. मग साडीवरची नजर न काढता म्हणाली, "तिले बारडोलीले नोकरी लागू द्या. पोरींच्या वसतिगृहात, गृहमाता म्हणून. राहणं तिथंच. रविवारी येईल घरी. तिनं संसार केला ना सगळा? आता तिले एकटीची खोली पाहिजे, एवढंच."

"आणि नवऱ्यानं काय करायचं?"

"भाकरी शिकतील ते. बोटं शेत ना!" बोटं आहेत ना, म्हणे.

मी मोठ्यानं हसलो. तीही हसली, पण माझ्या आधी थांबली. मग पहिल्यांदाच कथा बाजूला ठेवून तिनं सरळ सांगितलं — तिथं नाव देऊन आले आहे, भेटूनही आले आहे. फोन येणार आहे.

मी काय म्हणालो असेन? "बघू."

आता आमच्याकडची एक रीत. बायका गॅसपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे नवऱ्याचा मोबाइल नंबर देतात. स्वतःचा मोबाइल हातात असला तरी. मंगलानंही सवयीनं माझाच दिला होता.

फोन मिलमध्ये चहाच्या सुट्टीत आला. वसतिगृहाच्या बाईंचा आवाज गोड होता. मंगलाबेनना कधीपासून पाठवताय, असं गुजरातीत विचारत होत्या. म्हणजे तिला घेतलं होतं. मी चहाचा पेला खाली ठेवला, आणि माझ्या तोंडून वाक्य इतकं सरळ बाहेर आलं — कथेत माझं एकही वाक्य इतकं सरळ उतरत नाही. "बेन, ए नहीं आवी शके. घरेथी ना छे." ती येऊ शकत नाही, घरून नकार आहे.

घर म्हणजे कोण? घरात दोनच माणसं होती. त्यातलं एक तर जायला निघालं होतं.

का केलं? एकटं पडण्याची भीती होती, नाही कशाला म्हणू? पण तिच्यामागे आणखी एक होती, जास्त घाणेरडी. दारुड्याची बायको गेली तर लोक दारूला दोष देतात. माझी गेली असती तर? मी मारत नाही, पीत नाही, पगार घरी देतो. अशा माणसाला सोडून बाई एका खोलीत राहायला जाते, म्हणजे याच्यात असं आहे तरी काय — ते लोकांनी शोधलं असतं. कदाचित मीही.

मंगला वाट पाहत राहिली. "फोन आला होता का?" असं ती विचारायची आणि मी "नाही" म्हणायचो. पुढे पुढे ती नुसती माझ्या मोबाइलकडे बघायची. मग तेही थांबलं.

सुमनच्या नवऱ्याला मी दारुडा केलं. गणपतीत कथा गाजली. एक काका उठून म्हणाले, असल्या कथांनी घरं मोडतात, नीती राहत नाही. मी माईक हातात घेतला आणि स्त्रीच्या स्वातंत्र्यावर असा काही बोललो, की बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शाल मिळाली. बायकांच्या रांगेत मंगला बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. त्यांत मला टोमणा शोधूनही सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात शेजारची सून मंगलाकडे आली होती. बारावी झालेली पोरगी ती, एका शाळेत मदतनिसाची जागा निघालीय म्हणत होती. जाऊ का काकू, विचारत होती. मी आतल्या खोलीत होतो. मंगला म्हणाली, "जा की. पण फार आशा नको ठेवू बाई. मी गेली होती एकदा, बारडोलीले. वाटलं होतं, घेतील. चांगलं बोलल्या. पण आपल्यात काही कमीच असेल ना... फोनसुद्धा नही केला त्यांनी."

मधला पडदा नुसता बाजूला सारायचा होता. मी पंखा वाढवला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.