आईंचे गुलगुले आणि बंद दार

माझी नजर वाईट आहे असं माझ्या सासूला वाटतं, हे मी नऊ वर्षं धरून चालले होते.

आज आईंना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. नातेवाइकांनी वाचलं तरी चालेल.

आमच्या गारखेड्याच्या घरात आखाड लागला की गुलगुले तळायचेच. आखाड कोरडा जाऊ द्यायचा नाही, हा आईंचा नियम.

पार काळी पडलेली केळी कुस्करायची. त्यात गुळाचं पाणी, कणीक, मूठभर रवा, बडीशेप.
हे सगळं मी करायचं.

कढई गॅसवर चढली की आई म्हणायच्या, "तू बस बाहेर. तळायचं मी बघते."

आणि किचनचं दार आतून बंद.

पहिल्या वर्षी वाटलं, नव्या सुनेचे लाड असतील.

दुसऱ्या वर्षी आईंना शेजारच्या काकूंशी बोलताना ऐकलं, "तळणाला लई लवकर नजर लागते. बघणारीला बाहेरच बसवावं."

बघणारी म्हणजे कोण? घरात मीच होते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अशा बाईच्या नजरेबद्दल लोक काय बोलतात, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "अगं, स्वभाव आहे तिचा."

पुढं पोरगी झाली. वाटलं, आता तरी दार उघडं राहील.

नाय राहिलं.

मग मी पण पाळत ठेवायला लागले.

पीठ पातेलंभर भिजवायचं आणि बाहेर यायचं जेमतेम एक ताट. बाकीचे गुलगुले कुठं गेले?

मला खात्री होती, मुकुंदवाडीच्या नणंदेसाठी डबा भरून लपवतात. ओट्याखालचे डबे उघडून पाहिले. फ्रिज पाहिला. काही सापडलं नाही.

तळणाच्या दिवशी आई जेवायच्या पण नाहीत. "भूक नाय मला."

म्हणजे चोरून स्वतःच खातात, असं मी मनात पक्कं केलं. हसू नका, पण तेल लागलंय का म्हणून मी त्यांचे ओठ निरखायचे.

काल मी गुलगुले तळायला घेतले. आईंनंतर पहिल्यांदाच. सासरे दारात येऊन उभे राहिले.

मी विचारलंच, "आबा, आईंना माझ्या नजरेची एवढी भीती का होती?"

"नजर? कुणी सांगितलं तुला?"

"मग दार का लावायच्या?"

आबा म्हणाले, "पहिला घाणा तिचा कायम कच्चा निघायचा. बाहेरून लाल, आत नुसतं पीठ. तू लासूर स्टेशनची. तुझ्या आईची बाजारात भज्यांची गाडी. म्हणायची, भजीवालीची पोर मला हसंल."

"आणि ते कच्चे गुलगुले?"

"खायची की उभ्या उभ्या. अन्न टाकवत नव्हतं आणि तुला दाखवायचं नव्हतं. मला शपथ घातलेली. कुणाला नजरेचं बोलली असंल, तर ते दार लावायचं निमित्त."

मी गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसले.

कारण मला माहीत होतं.

भज्यांच्या गाडीजवळ वाढलेय मी. बंद दाराबाहेर बसून दरवर्षी मला वासावरून कळायचं, तेल जास्त तापलंय.

पण मी गप्प बसायचे. मनात म्हणायचे, बिघडू दे. मला बाहेर बसवलंय ना?

आई, "गॅस बारीक करा" एवढं बाहेरून ओरडले असते तरी पुरलं असतं.

नऊ वर्षं तुम्ही कच्चं पीठ खाल्लं आणि मी तोंड फुगवून बसले.

चुकलंच माझं.

तुमच्या सुनेची ही श्रद्धांजली. लई उशीर झाला, पण घ्या.