साठ खुर्च्या

रविवारी सकाळी मी साठ खुर्च्या मांडल्या आणि कोणीच आलं नाही.

हॉल रहाटणीत, हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. भाड्याचा. आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी तिथे उपासनेला जमते. चार वर्षं चावी माझ्याकडे होती. कुलूप काढायचं, झाडायचं, भिंतीशी रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवून एकेक पुसायची. टेबलावर पांढरं कापड. पाण्याचा जग. फळ्यावर गीतांचे नंबर. त्या दिवशीही सगळं केलं. उपासना दहाची. सव्वादहा झाले तरी जिन्यावर पाऊल वाजेना. मंडळी चालवणाऱ्या आंटींना फोन लावला. बंद. त्यांच्या मिस्टरांना, अंकलना लावला. बंद.

सांगायला लाज वाटते. मी बी.एस्सी. झालेली. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. तरी पहिला विचार हाच आला, की प्रभू येशू परत आला. सगळ्यांना स्वर्गात घेऊन गेला. मी राहिले.

हे भय जुनं आहे. जालन्याकडच्या आमच्या गावात संडे स्कूलचे गुरुजी सांगायचे, दोघी एकाच जात्यावर दळत बसलेल्या असतील. एक उचलली जाईल, दुसरी तिथेच राहील. मला नेहमी वाटायचं, ती दुसरी म्हणजे मी. तिसरीत असताना एकदा शाळेतून आले तर घर उघडं. चुलीवर कालवण रटरटतंय. आईच्या चपला दारात. शेजारच्या दोन्ही घरांत माणूस नाही. दप्तर टाकून मी गल्लीभर ओरडत सुटले. सगळे विहिरीवर होते. कोणाचं तरी रेडकू आत पडलं होतं. आई अनवाणीच धावली होती. मला बघून तिला काही कळेना. हुंदके देत मी सांगितलं तेव्हा ती हसली. पदराने माझं नाक पुसलं.

"येडे, तुला सोडून मी जाईन व्हय? देवाला म्हनले असते, थांब जराक. पोरगी साळंतून येऊ दे, मंग निघू."

तेवढ्यापुरती मी शांत झाले. भय मात्र माझ्याबरोबर शहरात आलं. उपवास-प्रार्थना असो, कोणाच्या घरची सभा असो, एखादी चुकली की वाटायचं, आशीर्वाद नेमका तिथेच वाटला गेला. मी शिफ्ट बदलून घ्यायचे, ओव्हरटाइम सोडायचे, पण हजर राहायचे. कंपनीत मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत मी आधी लॉकरकडे पळायचे, मंडळीच्या ग्रुपवर काय आलंय ते बघायला. टेबलावरची जोडीदारीण चिडवायची, "काय गं, देवाचा मेसेज आला का?"

या मंडळीत मला आंटींनी आणलं. शहरात नवी होते, ओळखीचं कोणी नव्हतं. त्यांनी खोली बघून दिली. तापात पेज आणून दिली. "तू माझी तिसरी मुलगी," म्हणायच्या. यातलं काहीही मी नाकारत नाही. म्हणूनच त्यांनी हॉलची चावी हातात दिली तेव्हा मला तो मान वाटला.

साडेदहाच्या आसपास आंटींच्या मुलीचं स्टेटस दिसलं. मुळशीकडचं रिसॉर्ट. पिवळे टी-शर्ट, छातीवर 'एकच कुटुंब'. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळे. निघतानाच्या बसचाही फोटो होता. बसच्या मागे दूध डेअरी दिसत होती. ती डेअरी माझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे. माझ्या खोलीपासून शंभर पावलांवर बस उभी होती आणि मी आत इस्त्री करत होते. रविवारच्या साडीला.

म्हणजे मंडळीचा कॅम्प होता, आणि त्याचा ग्रुप वेगळा होता. मला माहीतच नव्हता.

संडे स्कूलला मी मुलांना शिकवते. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो. नव्व्याण्णव मेंढरं मेंढपाळाला घेऊन सहलीला गेली, तर उरलेल्या एकाने काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. एक तरुण जोडपं वर आलं, बाईच्या कडेवर मूल. लातूरकडचे, ताथवड्याला बांधकामावर कामाला होते. पहिल्यांदाच येत होते.

"ताई, इथंच चर्च भरतंय ना?" बाईने विचारलं.

"हो. आज सगळे कॅम्पला गेलेत."

"तुमी नाही गेलाव?"

"मला शिफ्ट होती," मी म्हणाले.

इस्त्रीची साडी नेसून, साठ रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहून म्हणाले. बाईने एकदा माझ्या साडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तिचा नंबर घेतला, पुढच्या रविवारी कळवते म्हणाले. ते गेल्यावर रडू आलं. अपमान मंडळीने केला होता, पण त्यावर पांघरूण घालायला मी धावले होते. कोणी सांगितलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी अंकल-आंटी लवकर आले. मी हॉल उघडून बसले होते. आंटींनी पिशवीतून पिवळा टी-शर्ट काढला.

"बेटा, हा तुझ्यासाठी राखून ठेवला बघ."

डबल एक्सएल. उरलेला.

"आंटी, मला सांगितलं का नाही?"

"अगं, तुला शिफ्ट होती ना!"

माझंच खोटं. शब्दही तेच.

"सुट्टी होती. बुधवारी तुम्हाला बोलले होते. तुम्ही म्हणालात, छान, आराम कर."

आंटी अंकलकडे बघायला लागल्या. अंकल मोठ्या कंपनीतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. स्पष्ट बोलण्याचा त्यांना अभिमान आहे.

"हे बघ, गैरसमज नको. एका खोलीत चौघी-चौघी होत्या. तुला कोणाबरोबर ठेवायचं, यावर दोन-तीन फॅमिलींनी कुरकुर केली. तिकडचे लोक म्हटलं की... तुला माहितीये. आम्ही नाही मानत तसलं. पण सगळ्यांना घेऊन चालावं लागतं."

"सगळ्यांना," मी म्हणाले.

"शिवाय हॉल उघडा हवाच होता. कोणी नवीन आलं तर? तू विश्वासू आहेस म्हणून."

तिकडचे. या शब्दाखाली काय झाकलेलं असतं ते मला शाळेपासून कळतं. हिला कुठे बसवायचं, कोणाशेजारी झोपवायचं. हा प्रश्न संपावा म्हणून गावकुसाबाहेर राहणाऱ्या माझ्या आजोबांनी येशूला धरलं होतं. आठ दिवस मी स्वतःला समजावत होते, गडबडीत राहून गेलं असेल. राहून गेलं नव्हतं. कोणाच्या तरी घरी बसून, चहा पीत ठरवलं होतं. आंटी तिथे होत्या.

माझ्या आईला सही करता येत नाही. ती माझ्यासाठी देवाला थांबवणार होती. यांना एक बस थांबवता आली नाही.

मी टी-शर्टची घडी टेबलावर ठेवली. तिच्यावर चावी ठेवली.

"हे काय? चर्च सोडतेस?" आंटींचा आवाज चढला.

"नाही. मी येणार. दहाला, सगळे येतात तशी. खुर्च्या मांडायला नाही."

"अगं, पावणेदहा झाले. आत्ता कोण मांडणार?"

मी भिंतीकडे वळले. भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांमधून तीन उचलल्या आणि पुढे ठेवल्या, जिथे अंकल-आंटी बसतात तिथे. एकीवर बसले. लोक यायला लागले. दाराशीच थबकले. त्या रचलेल्या खुर्च्यांकडे बघत, माझ्याकडे बघत. कोणी हात लावेना.

लातूरचं जोडपं आलं. आदल्या दिवशी मीच फोन केला होता. त्यांना पुढे बोलावलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्या बाईला म्हणाले,

"ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला शिफ्ट नव्हती. मला नेलं नाही."

ती मूल मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. मागे कोणीतरी एक खुर्ची ओढली. कर्रकन आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

प्रभू येईल तेव्हा येईल. मी राहून जाईन या भीतीने आता मी कोणाचं कुलूप उघडणार नाही. मी या खुर्चीवर बसले आहे आणि दर रविवारी बसणार आहे. मला उठवायचं असेल तर तोंडाने सांगा. सगळ्यांसमोर.