समोरची बेल

बाजारात त्याला सगळे वकील म्हणायचे. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. किल्ल्या करणं आणि अडकलेली कुलपं उघडून देणं हा त्याचा धंदा. पण परक्या माणसाचं बंद दार उघडायच्या आधी तो शेजारची बेल वाजवायचा, आतल्याला बाहेर बोलवायचा आणि विचारायचा, "हे इथलेच ना?" शेजारी हो म्हणाला की मगच हत्याराला हात. "किल्लीवाला कसला, उलटतपासणीच घेतो," असं म्हणून लोकांनी नाव पाडलं, आणि ते चिकटलं.

सवय वडिलांची. तेही हेच काम करायचे. म्हणायचे, "चेहऱ्यावरून माणूस ओळखायला बसलास तर एक दिवस आत जाशील. शेजाऱ्याला विचार, आपली अक्कल वाचते."

आणि शेजारी यायचे. कोणी अर्ध्या दाढीला साबण लावलेला, कोणी हातात झारा घेऊन. एकदा एक जोडपं दाराबाहेर अडकलं होतं, तर शेजारचे आजोबा म्हणाले, "हो हो, इथलेच आहेत. पण जरा सावकाश उघडा. आत गेले की यांचं भांडण पुन्हा सुरू होईल." सगळे हसले, ते जोडपंही हसलं.

मग इमारती उंच झाल्या. बेल वाजवली तर दारातल्या भिंगातून डोळा दिसायचा, दार उघडायचं नाही. उघडलंच तर, "समोर कोण राहतं? काय माहीत बुवा." कामंही फोनवरून यायला लागली. एक ॲपवाली कंपनी गिऱ्हाईक पाठवायची आणि काम झालं की गिऱ्हाईक तारे द्यायचं. एकाने एकच तारा देऊन वर लिहिलं, 'किल्लीवाला मलाच चोर समजतो.' त्यानंतर कामं आटली. मुलगी म्हणाली, "बाबा, माणसाने नाव टाकलं, पत्ता टाकला. आता काय त्याची कुंडली मागणार?"

नियम त्याने एका दिवसात मोडला नाही. किल्ली झिजते तसा तो झिजला. आधी लेकरं बरोबर असलेल्यांना विचारणं सुटलं, मग म्हाताऱ्यांना, मग चांगले कपडे घातलेल्यांना. चहाच्या दुकानात मात्र तो वडिलांची गोष्ट अजूनही रंगवून सांगायचा आणि शेवटी उसासा टाकून म्हणायचा, "आता विचारायचं कुणाला? शेजार राहिलाय कुठे?" ऐकणारे माना डोलवायचे. ते वाक्य त्याला आवडायला लागलं होतं.

अशात एका दुपारी तो एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेला. दारात इस्त्रीच्या शर्टातला माणूस उभा होता, हातात लहान मुलीची गुलाबी छत्री. "किल्ली आत राहिली हो. बायको कामावर, पोरगी शाळेतून येईल आता." समोर दुसऱ्या घराचं दार होतं, बाजूला बेल. जुन्या सवयीने त्याचा हात तिकडे गेला. माणूस हसून म्हणाला, "काका, तिकडे नाही, इकडे." तोही हसला. हात खाली आला.

कुलूप साधं होतं, लगेच उघडलं. माणूस आत शिरला. पडदे ओढलेले, आत अंधार. दिव्याचं बटण शोधत त्याने डावी भिंत चाचपली, वर-खाली, पुन्हा वर. बटण उजव्या भिंतीवर होतं. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या वकिलाला ते स्वच्छ दिसत होतं.

नवीन घर असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, पिशवी उचलली आणि जिना उतरला. फोनवर पाच तारे आले.

थोड्या दिवसांनी नवीन कुलूप बसवायचं काम आलं. पत्ता वाचून त्याला काही आठवलं नाही. अशा इमारती पुष्कळ, आकडे सगळे सारखे. आठवलं ते दारासमोर गेल्यावर. कुलपाच्या पितळी कडेवर बारीक ओरखडा होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. तो त्याच्या हत्याराचा होता.

दार एका तरुण बाईने उघडलं. डोळे सुजलेले. मागे सोफ्याच्या कडेला तिची मोठी बहीण बसली होती, मांडीवरची पर्स घट्ट धरून.

"जुनं काढा, चांगलं मजबूत बसवा," बाई म्हणाली आणि बहिणीकडे वळली. त्याच्यासमोर बोलायचा तिला संकोच वाटला नाही. काम करणारा माणूस भिंतीसारखा असतो.

"अगं, कुलूप तुटलेलं नाही, खिडक्या बंद. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तुझ्याकडे. मग तो आला कसा? हवेतून?"

"मला विचारून काय उपयोग? मी दिली नाही म्हणतेय ना."

"इथे बसून त्याने चहा केला. प्यायला. कप टेबलावर ठेवून गेला, मी बघावा म्हणून. पोरीचे सगळे कपडे पलंगावर मांडून ठेवले. नवा पत्ता तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता."

"माझ्या मागावर आला असेल."

"एकदा बोलून तर बघ नवऱ्याशी, असं कोण म्हणत होतं? रडला असेल तुझ्यापुढे, विरघळली असशील तू."

"तेव्हा म्हटलं होतं. त्याने तुझा हात मोडायच्या आधी म्हटलं होतं!"

वकील खाली मान घालून स्क्रू फिरवत होता. जुनं कुलूप निघालं. त्याने नवीन बसवायला घेतलं. काम संपवून निघून जाता येईल, हा विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच बसून राहिला. उलट आज कुलूप नेहमीपेक्षा चांगलं बसवू, लांब स्क्रू लावू, चौकटीला आतून पट्टी ठोकू. हात चोख चालत होते. जणू तेवढ्याने फिटणार होतं.

"ठेव ती किल्ली टेबलावर," धाकटी म्हणाली. "आणि पुन्हा येऊ नकोस. पोरीलाही मी सांगेन, मावशी नाही आपल्याला."

मोठीने पर्स उघडली. किल्ली खालच्या खणात अडकली होती, निघता निघेना. शेवटी तिने अख्खी पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, गोळ्यांची पाकिटं, पोरीसाठी आणलेलं केसांच्या क्लिपांचं पाकीट. त्यात ती किल्ली.

"त्यांनी नाही दिली," वकील म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं, जणू भिंत बोलली.

"तुम्हाला काय माहीत?"

"दार मी उघडलं." तो म्हणाला. "किल्ली आत राहिली म्हणाला. हातात छत्री होती, लहान मुलीची."

धाकटीचा रंग उतरला. "आणि तुम्ही उघडलंत."

"हो."

"कुणाला विचारलं नाहीत?"

इथे त्याच्याजवळ वाक्य तयार होतं, चहाच्या दुकानात घोटून गुळगुळीत झालेलं. ते ओठांवर आलंही. "हल्ली शेजारी कुणी कुणाला ओळखत नाही, ताई. विचारायचं तरी..."

"समोरच्या काकू दिवसभर घरी असतात." तिचा आवाज चढला नाही. "इथे राहायला आले त्याच दिवशी मी त्यांना त्याचा फोटो दाखवून ठेवलाय. कोणी दाराशी आलं तर मला कळवा म्हटलंय. त्या टीव्ही लावून बसतात, त्यांना चाहूल लागत नाही. पण बेल ऐकू येते. बेल वाजवली असतीत तर..."

वाक्य तिने अर्धंच सोडलं. त्याने मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून समोरचं दार दिसत होतं आणि बाजूला बेलचं पांढरं बटण, वापरून मधोमध जरा काळपट झालेलं. पलीकडून मालिकेतलं कुणीतरी मोठ्याने रडत होतं.

"तुम्हाला संशयही आला नाही?" मोठीने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला ती भिंत चाचपणारा हात दिसला. "आला होता," तो म्हणाला. "दिव्याचं बटण त्याला सापडत नव्हतं."

"बघितलंत? आणि गेलात?"

"गेलो."

"आणि आज इतका वेळ? ती मला घराबाहेर काढत होती तोवर तोंड शिवलं होतं का तुमचं?"

हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"काढा ते," धाकटी म्हणाली.

"अं?"

"कुलूप. तुम्ही बसवलेलं मला नको. तुमच्या हातचं दार लावून मला झोप लागायची नाही."

त्याने काढलं. बसवताना घट्ट आवळलेले लांब स्क्रू आता सहज निघेनात. घाम डोळ्यांत उतरत होता. दोघी बहिणी बाजूला उभ्या राहून त्याच्या हातांकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्याच्या हातांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. कुलूप निघालं तशी दाराला आरपार भोकं राहिली. धाकटीने बाहेरचा उजेड अडवायला म्हणून की काय, त्यांवर तळवा ठेवला.

"मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो," तो म्हणाला.

"नको. ताई बघेल." ताई म्हणताना ती अडखळली. मोठी टेबलाशी वाकून पर्समधल्या वस्तू परत भरत होती. किल्ली तिने उचलली नव्हती.

मग मोठीनेच विचारलं, "पोलिसांपुढे येऊन हे सांगाल? सगळं? बटणाचंसुद्धा?"

त्याला कंपनी आठवली, बाजार आठवला, मुलगी आठवली. वकील म्हणून हाक मारणारे सगळे चेहरे एका ओळीत येऊन उभे राहिले.

"येईन," तो म्हणाला.

"आत्ता म्हणताय. उद्या कोण कुठे सापडतंय!" धाकटीने फोन काढला. "नंबर सांगा. कंपनीचा नको, तुमचा."

त्याने सांगितला. तिने तो जपून दाबला आणि त्याच्याकडे न बघता कॉल लावला. फोन कानाला न नेता हातातच धरला. ती थांबली. मोठीही थांबली. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजत राहिला. कुणी मागितला नसताना त्याने तो बाहेर काढला आणि तिचा नंबर दिसणारी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून, हात लांब करून धरला.